आईचा आशीर्वाद दार लावून घ्यायचा का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी 28 वर्षांची, सांगलीजवळच्या एका गावातली, नोकरीला पुण्यात. वडील 2021 च्या मे महिन्यात कोविडमध्ये गेले. आई अंगणवाडीत काम करते, धाकटा भाऊ कॉलेजला आहे. मार्गशीर्षात लग्न ठरलंय, मुलगा ऑफिसमधलाच, दोन्ही घरची पसंती. मागच्या महिन्यात होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला की "तुमच्या आईंनी हळदीला आणि ओटी भरताना जरा बाजूला राहावं, आणि स्टेजवर जोडीने नमस्कार कराल तेव्हा अखंड सौभाग्यवतीचा आशीर्वाद सवाष्णींकडूनच घ्यावा, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही पण शुभकार्यात रिस्क नको." आईला सांगितलं तर आई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, मी मागच्या रांगेत बसेन. ग्रहमख (लग्नाआधीची नवग्रहांची पूजा आणि होम) आणि कन्यादान काका-काकू करणार आहेत. मुलगी लिहिते, "मला हे पटत नाही ताई, पण खरं सांगू का, मनात कुठेतरी भीतीपण आहे, उद्या खरंच काही झालं तर? म्हणून मी ठरवलंय की आदल्या रात्री खोलीचं दार लावून आईच्या पाया पडेन. कुणाला कळणार नाही, कुणाला त्रास नाही. आशीर्वाद तेवढाच लागतो ना?"

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते, हो, तेवढाच लागतो. आईचा आशीर्वाद दार बघून ठरत नाही, उघडं आहे की लावलेलं, त्याने काही फरक पडत नाही. पण तू फक्त तुझ्या बाजूने विचारलंयस, म्हणजे आशीर्वाद घेणाऱ्याच्या. देणाऱ्याचं काय होतं त्या बंद दारामागे, ते मला तुला सांगायचंय कारण मी हे केलेलं आहे.

माझे वडील भिक्षुकी करायचे. घरात माझी आत्या होती, लग्नानंतर दीड वर्षात परत आलेली, मला आठवते तेव्हापासून पांढऱ्या कपाळाची. आमच्या घरी पूजा असली की आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभी राहायची, प्रसादाचा शिरा तिनेच केलेला असायचा पण आरतीचं तबक तिच्याकडे शेवटी जायचं. आणि तरी माझ्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी हातावर दही ठेवायला आत्याच, गावाला निघताना "येते म्हण" सांगायला आत्याच, ताप आला की मीठ-मोहरी ओवाळून टाकायला आत्याच. म्हणजे तिचे आशीर्वाद आम्ही रोज खात होतो, फक्त ज्या दिवशी चार माणसं बघायला असायची त्या दिवशी ते नको असायचे. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले, ती पुरण वाटत होती, मी दार लोटून घेतलं आणि तिच्या पाया पडले. तिने पदराला हात पुसले, माझ्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाली लवकर जा, कुणी बघेल. मला वाटलं मी केवढी मोठी गोष्ट केली. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी ती आजारी होती, मी उशाशी बसले होते, जुन्या गोष्टी निघाल्या आणि ती मला म्हणाली, "तू आलीस ते बरं वाटलं गं, पण दार लोटलंस ना तू." एवढंच. रागाने नाही, सहज म्हणाली. मला आजही पुरणाचा वास आला की ते वाक्य आठवतं.

त्यामुळे तुझ्या प्लॅनला मी लगेच छान आहे असं म्हणणार नाही. पण घाईने चूक आहे असंही म्हणत नाही, आधी तुझ्या भीतीकडे बघू, कारण ती तू लपवली नाहीस आणि बऱ्याच जणी ती लपवून मोठमोठ्या गोष्टी बोलतात.

तुझी भीती अशी आहे की आशीर्वाद म्हणजे एखादी शक्ती आहे, ज्याच्याकडे जे आहे तेच तो देऊ शकतो, सवाष्णीकडे सौभाग्य आहे म्हणून ती सौभाग्य देते, आईकडे ते राहिलं नाही म्हणून ती देणार तरी कुठून. हे ऐकायला लॉजिकल वाटतं. पण जरा तुझ्या आईच्या लग्नाचा अल्बम काढ. त्यात ती किती जणींच्या पाया पडली असेल? त्या सगळ्या सवाष्णीच असणार ना? प्रत्येकीने तिला "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं असणार, मनापासून म्हटलं असणार, आणि तरी 2021 च्या मे महिन्यात जे झालं ते झालं. मग त्या बायकांचा आशीर्वाद खोटा होता का? की त्यांच्यातच काही कमी होतं? तू असं कधी म्हणणार नाहीस, मीही म्हणणार नाही. त्यांनी इच्छा केली होती, एवढंच माणसाच्या हातात असतं. सवाष्णीने दिलेला आशीर्वाद म्हणजे गॅरंटी हे जर तुझ्याच घरात खरं ठरलं नाही, तर विधवेने दिलेला आशीर्वाद म्हणजे धोका हे तरी कशावरून खरं?

शब्दच बघ ना. आशिस् म्हणजे इच्छा, कुणाचं तरी भलं व्हावं अशी, आणि वाद म्हणजे बोलणं. मनातली चांगली इच्छा तोंडाने बोलून दाखवणं म्हणजे आशीर्वाद. संस्कृतमध्ये तर या इच्छेसाठी क्रियापदाचं वेगळं रूपच आहे, आशीर्लिङ् म्हणतात त्याला, "भूयात्" म्हणजे होवो. आपण मराठीत "सुखी होवो", "भलं होवो" म्हणतो ते तसंच. आता तूच सांग, तुझं भलं व्हावं ही इच्छा त्या अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त कुणाला असणार आहे? औक्षण शब्दातही औक्ष म्हणजे आयुष्यच आहे, लेकीला आयुष्य मागायला आईपेक्षा जवळचं कोण शोधणार?

आणि एक विचारू का, रागावू नकोस. तुझी भीती खरंच नवऱ्याच्या आयुष्याची आहे, की उद्या काही छोटं-मोठं झालं, त्याची बाईक घसरली, नोकरी गेली, तर लोक बोट तुझ्या आईकडे दाखवतील याची? मला पत्र वाचताना दुसरी भीती जास्त दिसली. ती खरी भीती आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण लोक बोलतात. पण तिचा इलाज वेगळा आहे, तिच्यासाठी आईला मागे बसवून उपयोग नाही, कारण बोलणारे मागे बसलेल्या बाईलाही बोलतात. त्यासाठी लग्नाआधी नवऱ्याशी बोलावं लागतं की असं कुणी बोललं तर तू काय करशील. त्याच्याकडे येतेच मी.

आता विधींबद्दल बोलते, कारण "शास्त्रात नाही" हे वाक्य तुझ्यासमोर येणारच. लहानपणी वडिलांबरोबर जाऊन जाऊन हे सगळं कानावर पडलंय म्हणून सांगते. तुझ्याकडे ग्रहमख आहे म्हणजे त्यात आधी गणपतिपूजन, मग पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, देवक हे ओळीने येणार. पुण्याहवाचन म्हणजे अख्खा आशीर्वादाचाच विधी आहे आणि तो कसा चालतो बघ, यजमान आधी मागतो. "महाजनान् नमस्कुर्वाणाय आशीर्वचनमपेक्षमाणाय" असे शब्द आहेत, म्हणजे थोरांना नमस्कार करणाऱ्या आणि आशीर्वादाची वाट बघणाऱ्या मला, आजचा दिवस पुण्याचा आहे असं तुम्ही म्हणा. मग समोरचे म्हणतात "पुण्याहम्". तीनदा मागायचं, तीनदा म्हणायचं. मग स्वस्ति म्हणा, मग ऋद्धी होवो म्हणा, मग श्री असो म्हणा, "अस्तु श्रीः". लहान असताना मला हा सवाल-जवाब फार आवडायचा, मोठेपणी कळलं की यात केवढी मोठी गोष्ट आहे, आशीर्वाद आधी मागावा लागतो, सगळ्यांसमोर, मोठ्याने, हात जोडून. मागण्यातच मान आहे. ज्याच्याकडे मागितलं तो त्या क्षणी मोठा होतो. आत्याच्या दाराचं मला जे उशिरा कळलं ते हेच होतं, आशीर्वाद मला मिळाला पण मागण्याचा मान मी तिला दिला नाही.

मग येतं मातृकापूजन. सोळा मातृका, म्हणजे आईरूपातल्या देवता, मांडतात, सुपाऱ्यांवर नाहीतर तांदळाच्या पुंजक्यांवर, आणि त्यांना हात जोडतात. आणि नांदीश्राद्धात शुभकार्याच्या आधी घराण्यातल्या गेलेल्या माणसांना बोलावतात की या, आशीर्वाद द्या. त्यात आधी कुणाची नावं येतात माहितीये? बायकांची. माता, पितामही, प्रपितामही, म्हणजे आई, आजी, पणजी, ही तिघींची ओळ पहिली, पुरुषांची नंतर. आता विचार कर, त्या आज्या-पणज्यांमधल्या कितीजणी नवऱ्यामागे राहून गेल्या असतील! कुणी विचारतं का गुरुजींना, की ही पणजी विधवा होऊन गेली तर हिला बोलवू नका? गेलेल्या विधवेला पाटावर बोलवून आशीर्वाद मागायचा आणि जिवंत आईला मागच्या रांगेत बसवायचं, हे मला कधीच जुळवता आलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा वडिलांनाही जुळवता आलं नव्हतं. ते गप्प बसले होते.

महाभारताचं एक सांगते, हे लक्षात ठेव, कामाला येईल. द्रौपदीचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी रेशमी वस्त्र नेसून, हात जोडून सासूपुढे उभी राहिली. सासू कोण, तर कुंती. पंडू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या कुंतीने तिला आशीर्वाद दिला की इंद्राला जशी इंद्राणी, अग्नीला जशी स्वाहा, चंद्राला रोहिणी, नळाला दमयंती, वसिष्ठांना अरुंधती, नारायणाला लक्ष्मी, तशी तू तुझ्या नवऱ्यांना हो. आणि पुढे शब्द आहे "सुभगा", म्हणजे सौभाग्यवतीच. आदिपर्वात आहे हे. विधवा बाई नव्या नवरीला सौभाग्याचा आशीर्वाद देतेय आणि अख्ख्या आदिपर्वात कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. आणि लांब कशाला जायचं, 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शहाजीराजांना जाऊन दहा वर्षं झाली होती, जिजाऊ हयात होत्या, त्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या. त्या सोहळ्यात जिजाऊ मागच्या रांगेत बसल्या असतील असं महाराष्ट्रातलं कुठलं माणूस म्हणेल? सासूबाईसुद्धा म्हणणार नाहीत.

कन्यादानाचंही सांगून टाकते, कारण तू ते काका-काकू करणार असं गृहीत धरलंयस. याज्ञवल्क्य स्मृतीत कन्यादान कुणी करायचं याची यादी आहे, वडील, आजोबा, भाऊ, कुळातला माणूस आणि आई. आधीचा नसेल तर पुढचा. आईला शेवटी टाकलंय, ते मला आवडत नाही, पण ती यादीत आहे. आणि वडील नसताना ज्या आईवर कन्यादान येतं ती आई कोण असणार? तुझी आई काका-काकूंना म्हणाली असेल तुम्ही करा आणि तिला ते मनापासून हवं असेल तर काहीच प्रश्न नाही, काकांचंही प्रेम आहे. फक्त तिला अधिकार नाही म्हणून ते करतायत असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठी सांगितलं. कायद्याच्या बाजूने तर काहीच अडचण नाही, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात रूढीप्रमाणे विधी आणि सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न लागलं, हळद कुणी लावली आणि ओटी कुणी भरली याचा त्यात उल्लेखही नाही.

बरं, एवढं सगळं सांगून झालं तरी मी तुला असं म्हणणार नाही की जा आणि सासूबाईंना कुंतीचा श्लोक ऐकव. भांडणात श्लोक उपयोगी पडत नाहीत, ते तुझ्या मनातली भीती जावी म्हणून आहेत. बाहेरचं काम वेगळ्या क्रमाने करायचंय.

सगळ्यात आधी आई. तू लिहिलंस आई म्हणाली "बरोबर आहे त्यांचं", आणि तू ते तिचं उत्तर समजलीस. ते तिचं उत्तर नसेलही. बाबा गेल्यापासून तिला कुठल्या हळदीकुंकवाला बोलावलं नसेल, गौरीच्या सवाष्णीला बोलावलं नसेल, डोहाळजेवणात ओटी भरताना ती स्वतःहून उठून आत गेली असेल, इतक्या वर्षांत माणूस स्वतःच मागे सरकायला शिकतो, कुणी सांगायच्या आधी. म्हणून तिला "तुला चालेल ना" असं विचारू नकोस, ती चालेल म्हणणार. तिला छोटं आणि नेमकं विचार. भाजी निवडता निवडता विचार की आई, मला पहिली हळद तू लावावीस असं वाटतं, लावशील? घाई करू नकोस, दोन दिवस जाऊ दे, परत विचार. ती रडली तर रडू दे.

आणि तिने खरंच नको म्हटलं, तर ते ऐक. हे मी जोर देऊन सांगतेय कारण हल्ली उलटंही होतं, मुलं उत्साहाने आईला जबरदस्ती कुंकू लावतात, हिरव्या बांगड्या भरतात, व्हिडिओ काढतात, आणि ती बिचारी बाई सगळ्यांसमोर अवघडून जाते. तिला नवऱ्यामागे टिकली लावावीशी वाटत नसेल तर तो तिचा प्रश्न आहे. तिचं लग्न आणि तिचं दुःख तिचं आहे, तुझ्या विचारांचा झेंडा तिच्या हातात देऊ नकोस. ती मागच्या रांगेतच बसणार असेल तर तू स्टेजवरून खाली उतर, नवऱ्याला घेऊन तिच्या खुर्चीपाशी जा आणि तिथे वाका. मग ती रांग मागची राहत नाही.

दुसरा, तुझा होणारा नवरा. तुझ्या पत्रात तो "ऑफिसमधलाच" एवढाच येतो, पुढे कुठे दिसत नाही. सासूबाईंनी फोन तुला केला, उत्तर तू शोधतेयस, सल्ला तू विचारतेयस, मग तो कुठे आहे? त्याला माहीत तरी आहे का? हे बोलणं त्याने त्याच्या आईशी करायचंय, तू नाही. तू बोललीस तर सून यायच्या आधीच उलट बोलायला लागली असं होईल, तो बोलला तर मुलगा हट्ट करतोय एवढंच होईल. त्याने वाद घालायची गरज नाही, साधं म्हणावं की आई, मला दोन्ही आयांचा आशीर्वाद एकत्र हवाय, तू आणि त्या शेजारी उभ्या राहा, आम्ही जोडीने दोघींना नमस्कार करू, ही माझी इच्छा आहे. त्याने "माझी इच्छा" म्हणावं, "तिची" नको. आणि तो हे बोलायला तयार आहे का, कसं बोलतो, हे तू लग्नाआधी बघून ठेव. त्याने कचरलं म्हणून लग्न मोडावं असं मी म्हणत नाही, आईशी बोलायला चांगली चांगली मुलं कचरतात. पण त्याला यात काही चुकतंय असं दिसतच नसेल तर मात्र निवांत बसून बोलायला हवं, आत्ताच.

काहीजणी तुला सांगतील की सासूबाईंना सरळ विचार, उद्या तुमच्यावर ही वेळ आली तर नातवंडाच्या बारशाला तुम्ही मागे बसाल का? हे करू नकोस गं. ऐकताना टाळ्या पडतात पण त्या बाईच्या मनात ते कायमचं रुतून बसतं. तीही एका मुलाची आईच आहे, भीतीपोटी बोलतेय. भीती तुझ्याकडेही आहे ना? मग तुझ्या भीतीला समजून घेतलं तेवढं तिच्याही भीतीला घे, फक्त तिच्या भीतीची किंमत तुझ्या आईने का द्यायची एवढाच प्रश्न आहे.

आता समजा त्या ऐकत नाहीत. तेव्हा मला मधला रस्ता योग्य वाटतो. त्यांच्या घरचे विधी, गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन, तिकडची ओटी, ते त्यांच्या पद्धतीने होऊ देत, तिथे भांडू नकोस. पण तुझ्या घरची हळद, घरातून निघतानाचं औक्षण, तुझ्या माहेरची ओटी हे तुझ्या घरचं आहे, त्यात काय करायचं हे आई आणि तू ठरवणार, त्यांची परवानगी मागायचीच नाही, नम्रपणे कळवायचं. आणि स्टेजवरचा नमस्कार ही एक गोष्ट मी सोडू नये म्हणेन. बाकी सगळ्यात मागे-पुढे कर, तिथे नाही. कारण तिथे सगळे बघत असतात आणि आशीर्वाद मागण्याचा मान तिथेच मिळतो.

गुरुजींना लग्नाच्या दिवशी हॉलवर पहिल्यांदा भेटू नकोस. दोन-तीन आठवडे आधी जा, आईला सोबत ने, आणि स्पष्ट सांग की आमच्याकडे आई पुढे असणार आहे, तुमची काही हरकत आहे का. माझा अनुभव असा की बहुतेक गुरुजी म्हणतात आमची कसली हरकत, घरचेच लोक अडवतात. आणि गुरुजींनी मंगलकार्यात आईंना पुढे घ्या असं दोन वाक्यांत सांगितलं तर सासरच्या मंडळींचा अर्धा विरोध तिथेच गळतो, ते आपलं कुणी ऐकत नाहीत पण गुरुजींचं ऐकतात. हरकत असेल तर दुसरे बघ, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने तयार केलेले पुरोहित आहेत, स्त्रियाही आहेत, ते विधींचा अर्थ मराठीतून सांगत लग्न लावतात, गावाकडे यायला जमेल का ते विचारून बघ.

तुझ्या भागातलीच एक गोष्ट आहे, ती आईला सांग. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, तुमच्यापासून फार लांब नाही. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. कोविडमध्ये तरुण तरुण माणसं गेली होती त्याच्या मागोमागची ही गोष्ट आहे. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनीही असं करावं. ठरावाने सगळं बदलतं असं नाही, पण तुझ्या आईसारख्याच बायांचा विचार करून एक अख्खं गाव ठरावासाठी हात वर करून बसलं होतं हे तिला कळू दे.

मंगलाष्टकांच्या वेळी एक बघ, तुला स्वतःलाच धीर येईल. अक्षता म्हणजे आशीर्वादच असतात, न मोडलेले तांदूळ, तुमचं असंच अखंड राहो म्हणून. हॉलच्या दारात तबक घेऊन उभी राहिलेली पोरं प्रत्येकाच्या हातात त्या देतात, सवाष्ण असो, विधवा असो, घटस्फोटित असो, लग्न न झालेली मावशी असो, बायको गेलेले काका असोत, कुणालाच कुणी विचारत नाही, आणि "शुभमंगल सावधान" झालं की सगळ्यांच्या अक्षता एकदमच तुमच्या डोक्यावर पडतात, कुठला दाणा कुणाचा हे देवालाही वेगळं काढायचं नसतं. तुझ्या आईचाही दाणा त्यात असणारच आहे. तो चालतो तर हात का नाही चालत?

ज्या बायका हे वाचतायत आणि कुठल्या ना कुठल्या लग्नात सवाष्ण म्हणून पुढे बोलावल्या जाणार आहेत त्यांनाही एक सांगायचंय. तुम्ही तुमच्या जागेवरून पुष्कळ करू शकता. हळदीला पहिला हात लावायला बोलावलं तर "आधी तिच्या आईला बोलवा" एवढं म्हणा आणि थांबा. तुम्ही थांबलात की विधी थांबतो, मग कुणीतरी आईला घेऊन येतंच. आणि नव्या जोडप्याला आशीर्वाद देताना वाटलं तर शब्दही थोडे बदला. "अखंड सौभाग्यवती भव" चुकीचं नाही, पण त्यात सगळी इच्छा एकाच माणसाच्या श्वासावर टांगलेली आहे, आणि ज्या बाईला ते मिळालं नाही तिला ते ऐकताना काय होत असेल. "औक्षवंत हो", "दोघं सुखाने नांदा", "तब्येतीला जपा" म्हटलं तरी पोचतं. मी आता एवढंच म्हणते.

आणि लग्नपत्रिका अजून छापायला गेली नसेल तर निमंत्रक म्हणून आईचं नाव पहिलं टाक, काका-काकूंचं त्याखाली. प्रूफ आलं की आधी आईलाच वाचायला दे.